वसमतची हळद: रंगाला पैकीच्या पैकी, ‘जंतुनाशक’ला हातचे राखून

नांदेड, हिंगोली, परभणीकडे हळद विकत घ्यायला निघालं की माल तीन रूपांत समोर येतो. मोंढ्यातल्या आडतीवर गोणीतली अख्खी हळकुंडं, किराणा दुकानात पाकिटातली पूड, आणि औषधाच्या दुकानात ‘95 टक्के करक्युमिन’च्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य पिवळ्या द्रव्याच्या, कॅप्सूल. तिन्ही विकताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘हळद म्हणजे नैसर्गिक अँटिबायोटिक.’ ते वाक्य कुठवर खरं आहे हे समजलं तर यातला कुठला माल घ्यावा हेही ठरतं, म्हणून इथे दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्या आहेत.

कौल आधीच देतो. नव्या हंगामाची, कमी पॉलिशची हळकुंडं घेऊन गिरणीवर दळून आणणं सगळ्यात चांगलं. पाकिटातली पूड चालते, पण तारीख पाहून आणि लहान पाकीट घेऊन. कॅप्सूल हा मसाला नव्हे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घरात आणू नये.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात त्याआधी वर्ध्याकडच्या वायगाव हळदीला 2016 मध्ये आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये ते मिळालेलं आहे. येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यांचं पाणी, काळी ते मध्यम जमीन आणि साडेआठ-नऊ महिने शेतात राहणारं सेलम वाण, यावर हा माल उभा आहे. मात्र मानांकनाचा शिक्का माल कुठला ते सांगतो; पाकिटात करक्युमिन किती टक्के आहे ते सांगत नाही. सेलमच्या नीट शिजवलेल्या-वाळवलेल्या मालात ते साधारण 4 ते 4.5 टक्के मिळतं. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राच्या ‘फुले स्वरूपा’त पाचाच्या वर, कोझिकोडच्या ‘प्रतिभा’त सहाच्या वर, आणि मेघालयाच्या लाकाडोंगमध्ये सात किंवा त्याहून जास्त. म्हणजे नुसत्या टक्केवारीच्या स्पर्धेत वसमत पहिली नाही. तिचं बळ निराळं आहे: भरीव कांडी, एकसारखा गडद केशरी-पिवळा गाभा, आणि गावाजवळ मिळत असल्याने ताजेपणा.

पुडीसाठी अन्नसुरक्षेच्या नियमांत करक्युमिनॉइड किमान 2 टक्के, ओलावा जास्तीत जास्त 10 टक्के अशी अट आहे. त्यामुळे 2 टक्क्यांचं आणि 4 टक्क्यांचं, दोन्ही पाकिटं कायद्याने चोखच. एकात दुसऱ्याच्या दुप्पट ऐवज असतो आणि बहुतेक लेबलांवर त्याचा पत्ता नसतो. पाकिटाबद्दल आमची मुख्य तक्रार हीच आहे.

रंग वेगळा, वास वेगळा

हळदीतला पिवळा रंग तीन करक्युमिनॉइडांचा: करक्युमिन, डिमिथॉक्सीकरक्युमिन आणि बिसडिमिथॉक्सीकरक्युमिन. यांतला मोठा वाटा पहिल्याचा. हळदीचा जो उग्र, मातकट-आल्यासारखा वास येतो, तो उडनशील तेलाचा. सुक्या हळकुंडात हे तेल साधारण 3 ते 6 टक्के असतं आणि त्यातले प्रमुख घटक टर्मेरोन या गटातले. प्रयोगशाळेत जंतू आणि बुरशी रोखण्याचं काम दोघांचंही दिसतं. काही बुरशींवर तर तेलाचा वाटा रंगाइतकाच महत्त्वाचा आहे.

ग्राहकाची फसगत होते ती इथेच. रंग उडून जात नाही, तेल उडतं. दोन वर्षं जुनी पूड ताटात पिवळीधमकच दिसते, पण चिमूट तळहातावर चोळून हुंगली तर वास येत नाही. अशी हळद भाजीला रंग देईल, बाकीचं सगळं तिने गमावलेलं असतं. म्हणून पूड डोळ्याने नव्हे, नाकाने तपासावी. झाकण उघडताक्षणी वास आला पाहिजे, आणि चोळल्यावर तो वाढला पाहिजे.

रंगाचेही दोन शत्रू आहेत, ऊन आणि अल्कली. हळदीचा डाग लागलेला कपडा साबण लागताच लाल होतो आणि उन्हात टाकला की फिका पडतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. साबणातल्या अल्कलीने करक्युमिनचं रूप बदलतं आणि ते लवकर मोडतं. उन्हाने त्याचे तुकडे होतात. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणावर. यावरून डब्याची निवड करावी: पारदर्शक बरणी ओट्यावर ठेवण्यापेक्षा स्टीलचा डबा कपाटात.

जंतू मारते म्हणजे किती मारते

करक्युमिन पहिल्यांदा 1815 मध्ये वेगळं काढलं गेलं, त्याची रासायनिक रचना 1910 मध्ये ठरली, आणि ते जिवाणूंना रोखतं हे ‘नेचर’ या नियतकालिकात 1949 मध्ये छापून आलं. म्हणजे हा शोध काही कालचा नाही. पुढे 2008 मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी त्याची एक वाट दाखवली. जिवाणू दोन होताना मधोमध एफटीएसझेड या प्रथिनाचं कडं बनतं आणि तिथून पेशी विभागली जाते. करक्युमिन ते कडं नीट जुळू देत नाही, त्यामुळे जिवाणू लांबत जातो पण दुभंगत नाही. याशिवाय ते पेशीच्या आवरणालाही इजा करतं. पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस यासारखे ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणू त्याला लवकर बधतात. ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, ते तितके दबत नाहीत. जुलाबाच्या साथीत हळदीवर भिस्त का ठेवू नये याचं एक कारण हे.

दुसरं कारण हिशोबाचं. स्टॅफिलोकोकस रोखायला करक्युमिनची लागणारी मात्रा एका अभ्यासात मिलिलिटरला 125 ते 250 मायक्रोग्रॅम अशी आली. साध्या पाण्यात करक्युमिन विरघळतं ते मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. दोन्हींत हजारोपटींचं अंतर आहे. प्रयोगशाळेत ते अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळवून वापरतात, म्हणून आकडे चांगले दिसतात. पेल्यातल्या हळद-पाण्यात तसं घडत नाही. पूड तळाशी बसते आणि वर नुसतं पिवळं पाणी राहतं. घसा बसल्यावर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, त्यात हळद घातली तर बिघडत नाही, पण गुण मिठाचा आणि ऊबेचा.

पोटात गेल्यावरही तीच रड. तेलातुपात करक्युमिन विरघळतं, पण आतड्याची भिंत आणि यकृत त्याला लगेच दुसऱ्या रूपात बदलून बाहेर काढतात. 1998 च्या एका अभ्यासात माणसांना 2 ग्रॅम शुद्ध करक्युमिन नुसतं दिलं तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिरीतलं पायपरीन 20 मिलिग्रॅम दिल्यावर उपलब्धता वीसपट झाली. जाहिरातींत हा ‘2000 टक्क्यां’चा आकडा सगळीकडे झळकतो. मात्र जेमतेमाचे वीसपट म्हणजे पुरेसं असं होत नाही. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्याने आणखी कडक निकाल दिला: करक्युमिन प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत यंत्रालाच चकवून नसलेला गुण दाखवतं, आणि तोवर झालेल्या 120 हून अधिक मानवी चाचण्यांत दुहेरी पडद्याआड (खरी गोळी कोणाला ते रुग्णालाही आणि डॉक्टरलाही माहीत नसताना), खोट्या गोळीशी तुलना करून यशस्वी ठरलेली एकही नाही.

इथे हमखास कोणीतरी पेटंटचा दाखला देतं. अमेरिकेत 1995 मध्ये जखमेवरच्या हळदीला पेटंट मिळालं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. लढाई मोठीच होती. पण पेटंट रद्द झालं ते ‘हे ज्ञान भारतात आधीपासून आहे, नवं काही नाही’ या मुद्द्यावर. हळदीने जखम किती बरी होते याचा निवाडा त्या खटल्यात झालेला नाही, आणि पाकिटावर तसा अर्थ काढणं चुकीचं आहे.

आता हळदीचीच तब्येत बघा. शेतात तिला पिथियम बुरशीची कंदकूज होते, पानांवर करपा येतो. वाळवून गोदामात ठेवली की सिगारेट बीटल आणि ड्रगस्टोअर बीटल हे बारीक तपकिरी भुंगेरे तिला भोकं पाडतात. जिला स्वतःची कूज थांबवता येत नाही, ती चिमूटभर घेतल्यावर आपला संसर्ग थांबवेल ही अपेक्षा जरा जास्तच. शिवाय मोकळ्या खळ्यावर वाळलेल्या कुठल्याही मसाल्यासारखी हळदपूडही निर्जंतुक नसते. उष्णतेला दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणू तिच्यात सापडतात. खरचटल्यावर हळद दाबली की रक्त थांबतं, कारण कोरडी पूड ओलावा शोषते. खोल, मातीने माखलेल्या किंवा भाजलेल्या जखमेवर ती घालू नये. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्यावं.

हळकुंड पारखताना

मालाची प्रत ठरते शिजवणीत. काढणीनंतर गड्डे (मधले जाड मूळ कंद) आणि त्यांना फुटलेली हळकुंडं वेगळी करतात. शिजवायला कुठे अजून काहील आहे, कुठे वाफेचा बॉयलर. काहिलीत फेस येऊन हळदीचा खास वास सुटेपर्यंत, साधारण पाऊण ते एक तास शिजवतात. काडी टोचली की सहज आत गेली पाहिजे. कमी शिजलं तर गाभा ठिसूळ राहतो, रंग एकसारखा होत नाही आणि पुढे कीड लवकर लागते. जास्त शिजलं तर रंग मळतो. गड्डा जाड, त्याला वेळ जास्त लागतो. दोन्ही एकाच घाण्यात घातले तर एक कच्चं आणि एक गाळ, ही नेहमीची चूक. बॉयलरचा माल म्हणूनच बहुधा अधिक एकसारखा निघतो. वाळवणीला पुढे दहा-पंधरा दिवस जातात, आणि रात्रीचं दव किंवा अवकाळीची सर लागलेला माल बाहेरून ठीक दिसला तरी आत काळपट पडतो.

दुकानात एक हळकुंड मोडून बघायला मागावं. नीट वाळलेलं हळकुंड कट्‌ असा धातूसारखा आवाज करून तुटतं आणि तुटलेली कड शिंगासारखी, चकचकीत दिसते. वाकून मग तुटलं तर ओलावा आहे. आत पांढरट पट्टा दिसला तर शिजवणी अर्धवट. गड्डा हळकुंडापेक्षा स्वस्त असतो आणि दळल्यावर फारसा कळत नाही. स्वस्त सुट्या पुडीत तोच जास्त असतो. खाण्याच्या दृष्टीने तो वाईट नाही, फक्त हळकुंडाच्या भावाने घेऊ नये.

फार चकचकीत हळकुंडाचा मोह टाळावा. ड्रममध्ये पॉलिश करून वरची साल आणि मुळं काढणं हा कामाचा भाग आहे, शेवटी थोडी हळदपूड मारणंही जुनंच. पण तिथेच लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा पिवळा रंग मारण्याची जागा निघते. बांगलादेशात हळदीतल्या या रंगाचा संबंध थेट लोकांच्या रक्तातल्या शिशाशी लागला. शिसं मुलांच्या मेंदूला धोकादायक असतं आणि ते शिजवून जात नाही. अख्खं हळकुंड पेलाभर पाण्यात टाकावं: शुद्ध असेल तर पाणी जवळजवळ तसंच राहतं, लगेच पिवळं झालं तर माल परत करावा.

पुडीसाठी अन्नसुरक्षा खात्याने सांगितलेली घरगुती चाचणीही सोपी. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची, ढवळायची नाही. शुद्ध हळद खाली बसत जाते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद होतं. मेटॅनिल यलो हा भेसळीचा कृत्रिम रंग ओळखायला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. शुद्ध हळदही आम्लाने लालसर होते, पण पाणी घातल्यावर तो रंग जातो. मेटॅनिलचा गुलाबी-जांभळा टिकून राहतो. हे आम्ल घरी हाताळू नये, प्रयोगशाळेतच करून घ्यावं. चुना लावून लाल झाली म्हणजे शुद्ध, हा समज मात्र सोडून द्यावा. त्यातून एवढंच कळतं की हळद थोडीफार आहे. पीठ किती आहे हे कळत नाही.

जाता जाता: माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मिळणारा भंडारा उधळायला आणि कपाळाला. तो ताटात घेऊ नये.

दळण, डबा आणि कढई

हळकुंडं फडक्यात गुंडाळून खलबत्त्यात किंवा हातोडीने फोडावीत, तुकडे बोराएवढे असावेत. दिवसभर कडक उन्हात झाकून तापवावेत, म्हणजे राहिलेला ओलावा जातो. गिरणीवाल्याला मिरचीच्या आधी दळायला सांगावं. मिरचीनंतर दळलेली हळद दुधात घातली की घसा सांगतो काय चूक झाली. एका दमात फार बारीक दळायला लावू नये. यंत्र तापतं, पूड हाताला चटका देईल इतकी गरम निघते आणि वास गिरणीतच राहतो. दोन फेऱ्या, मध्ये थोडी उसंत. घरी आणलेली पूड गरम असतानाच डब्यात भरली तर झाकणाला आतून दव धरतं, गठ्ठे होतात आणि बुरशीची सोय होते. परातीत पसरून, वर सुती कापड टाकून पूर्ण गार होऊ द्यावी, मगच भरावी.

चार माणसांच्या घरात दिवसाला 4 ग्रॅम धरले तर वर्षाला दीड किलो लागते. सगळी एकदम दळू नये. हळकुंड अख्खं असतं तोवर तेल धरून ठेवतं, म्हणून अर्धा किलो दळावी, बाकी हळकुंडं हवाबंद डब्यात ठेवावीत आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून भुंगेऱ्यांची भोकं पाहावीत. पाकीटच घ्यायचं असेल तर 100 किंवा 200 ग्रॅमचं.

स्वयंपाकात किती टिकतं, याचा अभ्यास म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने 2007 मध्ये केला. उष्णतेने हळदीतलं 27 ते 53 टक्के करक्युमिन गेलं, सगळ्यात जास्त ते कुकरमध्ये दहा मिनिटं शिजवल्यावर. चिंच घातल्यावर नुकसान 12 ते 30 टक्क्यांवर आलं, कारण आंबटात करक्युमिन टिकतं. चिंचेची आमटी करणाऱ्या घरांना हे आयतंच साधतं. डाळ कुकरला लावताना सगळी हळद घालण्यापेक्षा थोडी तिथे आणि उरलेली फोडणीत शेवटी घालावी, आच मंद करून पाच-सात सेकंद, लगेच वरण ओतावं. जळली की कडवट लागते आणि रंग तपकिरी होतो.

हळदीचं दूध करताना 200 मिलिलिटर सायीच्या दुधाला अर्धा चमचा पूड पुरते, साधारण दीड ग्रॅम. 3.5 टक्क्यांच्या हिशोबाने त्यात सुमारे 50 मिलिग्रॅम करक्युमिनॉइड येतात. चिमूटभर मिरीपूड घालून पाच मिनिटं मंद उकळावं. घशाला आराम पडतो, झोप बरी लागते. ताप चढत असेल, कफ हिरवट होत असेल तर त्यावर हे औषध नाही.

ओल्या हळदीचं लोणचं हा खरा तर वसमत-अर्धापूरकडचा सगळ्यात चांगला माल, आणि तो जानेवारी-फेब्रुवारीतच मिळतो. अर्धा किलो ओली हळद धुऊन, पुसून, तासभर पंख्याखाली कोरडी करावी, साल काढून कीस किंवा चकत्या कराव्यात. 70 ग्रॅम मीठ, 200 मिलिलिटर लिंबाचा रस, वर गार केलेलं मोहरीची फोडणी दिलेलं तेल. सालीशी ओलावा राहिला किंवा रस फोडींच्या वर आला नाही तर आठवड्यात पांढरी बुरशी धरते. इथे जंतूंना रोखण्याचं खरं काम मीठ आणि आंबट करतं, हळद हातभार लावते.

कॅप्सूल

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने करक्युमिनची रोजची स्वीकार्य मात्रा वजनाच्या किलोला 3 मिलिग्रॅमपर्यंत धरली आहे. 60 किलोच्या माणसाला 180 मिलिग्रॅम. 500 मिलिग्रॅमच्या एका ‘95 टक्के’ कॅप्सूलमध्ये 475 मिलिग्रॅम असतं. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या प्रकारांत यकृताला सूज आल्याच्या नोंदींवरून इटलीत 2019 मध्ये आणि ऑस्ट्रेलियात 2023 मध्ये सरकारी यंत्रणांनी इशारे दिले. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. किमतीच्या मानाने जंतुसंसर्गावर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही; आमच्याकडून शून्य.

स्वयंपाकाच्या हळदीला हे भय नाही. मार्च ते मे या काळात नवा माल हिंगोली, वसमत, नांदेडच्या बाजारात उतरतो, तेव्हाच वर्षाची हळकुंडं घ्यावीत आणि मृगाच्या आत दळणाची पहिली फेरी उरकावी. आडतीवर किलो-दोन किलो द्यायला तयार नसतील तर दोन-चार घरांनी मिळून दहा किलोचा कट्टा उचलावा, भावही कमी पडतो. पाकीट घेताना 14 आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि दळल्याची किंवा भरल्याची तारीख तिन्ही बघावं. तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर मागच्या फळीतलं ताजं पाकीट मागावं, दुकानदाराकडे बहुधा असतंच.